शालनबाईंच्या दोन पिशव्या

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा एवढा भाग गाळून पुढे जाते—जसं काही त्यालाही तो ठाऊक नसावा. आज तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असलात तरी आता सांगणारच आहे.

खरं तर सुरुवात माझ्यापासून व्हायला हवी. पण मी वनिता सिस्टरपासून करते. करपलेलं पातेलं घासायचं असलं की मी आधी चमचे आणि वाट्या घासून घेते. स्वभाव आहे, दुसरं काय.

वनिता सिस्टर पोलादपुरातल्या एका दवाखान्यात बाळंतपणाच्या विभागात आहेत. उंची बेताची, चालणं असं की सोबत असलेल्याला पळावं लागतं, आणि बोलणं अजून त्यांच्या डोंगरातल्या वाडीचंच—नाय, हाय, कुठं, कवा. शिकल्या, नोकरीला लागल्या, पण जीभ काही बदलली नाही. मी महाडची. वीसेक वर्षं इथल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करतेय आणि तिथलं रक्त साठवण्याचं केंद्र माझ्याकडे आहे. केंद्र म्हणजे फार मोठं काही समजू नका. एक खोली, एक फ्रीज, एक टेबल, एक रजिस्टर. मोठ्या रक्तपेढीतून तपासलेल्या पिशव्या येतात, आम्ही त्या जपून ठेवतो आणि मागणी आली की रुग्णाच्या रक्ताशी जुळवून देतो. फ्रीजची किल्ली माझ्या पर्समध्ये असते, पण तोरा असा की जणू कमरेलाच खोचली आहे.

पूर्वी आमच्या भागात रक्त कसं शोधायचे, माहीत आहे? डॉक्टर चिठ्ठी लिहून देत आणि नातेवाईक ती मुठीत धरून पळत सुटत. पोलादपूरहून महाड, महाडहून माणगाव, तिथं नाही म्हणून उलट फिरून कशेडी घाट ओलांडून खेड. कुठल्या फ्रीजमध्ये काय आहे, हे फक्त त्या फ्रीजच्या किल्लीवाल्यालाच माहीत. आणि किल्लीवाला—म्हणजे आम्ही सगळेच—खरं सांगायचो का?

नाही. इथे मला आमची एक जुनी खोड सांगायला हवी. घरातला तांदळाचा डबा कधी तळापर्यंत खरवडायचा नाही, मूठभर तरी मागे ठेवायचे, हे आम्हाला आयांनी शिकवलेलं. तेच आम्ही फ्रीजला लावलं. तीन पिशव्या असल्या की दोन सांगायच्या, एक असली की ‘नाही हो, संपली’ म्हणायचं. कोण कधी येईल सांगता येत नाही—डॉक्टरांच्या घरचं कुणी, एखाद्या पुढाऱ्याचा फोन, आपल्याच गल्लीतला अपघात. तिला आम्ही ‘मागची पिशवी’ म्हणायचो. महाडला मागची पिशवी होती, माणगावला होती, खेडलाही होतीच. यात काही पाप आहे असं कुणाच्या मनातही येत नव्हतं. उलट जिच्याकडे मागची पिशवी नाही ती बाई बेपर्वा, असं आमचं मत.

वनिता सिस्टरनी ही खोड मोडली. त्यांनी काय केलं, तर पाचाडच्या शाळेतल्या एका गुरुजींना गाठलं. गुरुजींनी शाळेच्या खिचडीचा तांदूळ, डाळ, तेल यांचा हिशेब ठेवायला मोबाइलवर एक तक्ता केला होता. त्यांच्या भागातल्या सगळ्या शाळांनी भरायचा आणि कुणाकडे काय उरलंय ते सगळ्यांना दिसायचं. सिस्टर म्हणाल्या, गुरुजी, डाळीच्या जागी रक्त घाला. बस, एवढ्यावर सुरू झालं. पुढे त्याचं साधंसं ॲप झालं. हिरवं म्हणजे आहे, लाल म्हणजे नाही, पिवळं म्हणजे एखाद्या रुग्णासाठी राखून ठेवलंय. पिशवी आली की टाकायची, गेली की काढायची, निघाली की ‘वाटेत’ असं दाखवायचं. यात मोठी विद्या काही नव्हती. कठीण होतं ते आमच्यासारख्यांकडून खरा आकडा भरून घेणं.

पहिल्या बैठकीत मी नाक मुरडूनच बसले होते. हे म्हणजे आपल्या घरातल्या डब्यांची झाकणं उघडून चव्हाट्यावर ठेवण्यासारखं, असं मी बोललेसुद्धा. सिस्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “ताई, तुमच्या फ्रीजच्या मागं खेडचा फ्रीज हाय, खेडच्या मागं माणगावचा, नि माणगावच्या मागं आमचा. मग तुमाला मागची पिशवी कशाला पायजे?” त्या रात्री घरी भाकरी थापतानाही ते वाक्य डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा खरा आकडा भरला.

आणि ते चाललं हो! वर्षभरात चिठ्ठी घेऊन पळणारी माणसं दिसेनाशी झाली. रुग्ण जागेवर, नातेवाईक जागेवर आणि पिशवी प्रवासाला. कुणीतरी आमच्याकडून घेऊन जायचं, कुणीतरी आम्हाला आणून द्यायचं, थर्माकोलची खोकी एसटीच्या ड्रायव्हरांच्या ओळखीची झाली. पुण्यात-मुंबईत शिकलेल्यांना जमलं नसतं असं काम डोंगरातल्या एका परिचारिकेनं आणि खिचडीवाल्या गुरुजींनी करून दाखवलं. मला त्याचा इतका अभिमान होता की पाहुण्यांनाही मी मोबाइल काढून ते हिरवे-लाल ठिपके दाखवायचे.

हे सगळं आधी सांगितलं, म्हणजे मी काय मोडलं ते तुम्हाला कळेल.

माझी लेक प्राची पहिल्या बाळंतपणाला घरी आली. सातवा महिना संपत आला होता. तिचा रक्तगट ओ निगेटिव्ह. आमच्या भागात हा गट शोधायचा म्हणजे मोठंच काम, आणि ओ निगेटिव्ह माणसाला दुसऱ्या कुठल्या गटाचं रक्त चालत नाही. वीस वर्षं लॅबमध्ये काढल्यावर माणसाला बाळंतपणातलं फक्त बाळ दिसत नाही. मला दिसत होतं ते रक्त. रात्री ती कुशीवर वळली तरी मी उठून बसायचे. प्राची हसायची, “आई, बाळंतपण माझं आहे, तुझं नाही.” डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे, काळजीचं कारण नाही. काळजीला कारण लागतं असं कुणी सांगितलं त्यांना?

तिला नववा लागला त्या सुमारास तुडीलला रक्तदान शिबिर झालं. तिथल्या एका शेतकऱ्याचा गट ओ निगेटिव्ह. भला माणूस, दर शिबिराला येतो आणि दर वेळी विचारतो, मागच्या वेळचं माझं रक्त कुनाला लागलं? रक्तपेढीतून तपासणी होऊन त्याची पिशवी आमच्याकडे आली. तिच्याबरोबर आणखी एक त्याच गटाची. दोन पिशव्या. मी त्या फ्रीजमध्ये ठेवल्या, मोबाइल हातात घेतला, आणि—

आणि हिरवा ठिपका दिला नाही. पिवळा दिला.

राखून ठेवायचं तर रुग्णाचं नाव टाकावं लागायचं. प्राचीचं टाकता येत नव्हतं, तिला रक्ताची गरजच नव्हती. म्हणून मी नाव टाकलं शालन. लहानपणी आमच्या दारावर सावित्रीतली मासळी घेऊन एक बाई यायची, तिचं नाव शालन होतं. ते कसं सुचलं देव जाणे. वय एकोणतीस. गर्भाशयात गाठ. ऑपरेशन ठरायचं आहे. झालं—दोन मिनिटांत मी एक अख्खी बाई जन्माला घातली.

राखीव पिशवी दोन दिवसांनी आपोआप हिरवी व्हायची. हाही सिस्टरचाच नियम, कुणी उगाच अडवून ठेवू नये म्हणून. मग दर दोन दिवसांनी मी शालनबाईंचं ऑपरेशन पुढे ढकलायचे. ‘कारण’ म्हणून एक रकाना होता. पहिल्यांदा लिहिलं, ताप. मग सिस्टरचा फोन आला, “तुमच्या शालनबायचं ऑपरेशन सारखं पुढं का जातंय हो? बीपी हाय का तिला?” मी म्हटलं, हो, बीपी आहे. पुढच्या आठवड्यात तिला साखरही झाली. एकीकडे मला हसू यायचं, खरंच सांगते. आणि सिस्टर मला सांगायच्या, तिला मीठ कमी द्या, घरचं कुणी असलं तर समजवा, घाबरली असंल बिचारी. ज्या बाईला आई-बाप नव्हते, घर नव्हतं, अंगात रक्ताचा थेंब नव्हता, तिची चौकशी करणारी एकच व्यक्ती जगात होती, आणि ती वनिता सिस्टर.

तुम्ही म्हणाल, आई आहे, आईचं काळीज. आमच्याकडे तर असं काही म्हणायला हिरकणीचं नाव तयारच असतं. मीही ते स्वतःला कितीतरी वेळा ऐकवलं. पण हिरकणी बाळासाठी कडा उतरली तो स्वतःच्या जिवावर. मी उतरले तो दुसरीच्या.

तो दिवस सांगते.

दुपारचा सव्वा वाजला होता. मी नुकताच डबा उघडला होता. वनिता सिस्टरचा फोन. आवाजात धावपळ होती, पण शब्द एकेक सुटा, “ताई, बाळंतीण हाय. पोर झाली, पन रक्त थांबत नाय. ओ निगेटिव्ह हाय. शालनबायच्या नावावर तुमच्याकडं दोन पिशव्या दिसतात. तिचं ऑपरेशन आज हाय का? नसंल तर पाठवा, मी संध्याकाळपर्यंत दुसऱ्या उभ्या करून देते.”

महाडहून पोलादपूर म्हणजे अर्धा तास. गाडी दवाखान्याच्या दारात उभी होती. मी फोन कानाला लावून फ्रीजपाशी गेले, दार उघडलं. दोन्ही पिशव्या समोर होत्या. मी त्यांच्याकडे बघत होते. प्राचीचे दिवस भरत आले होते, आज-उद्या कधीही कळा लागतील अशी अवस्था. आणि मी म्हणाले,

“आज आहे. आत्ताच टेबलावर घेतलंय तिला.”

सिस्टर म्हणाल्या, “मग नको. तिच्या रक्ताला नाय हात लावायचा. मी बघते दुसरीकडं.” आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, “देव बरं करो तिचं.”

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. एकदाही. एक तरी द्या, असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी घासाघीस केली असती, रागावल्या असत्या, तर मी कदाचित—नाही, हे मी कशाला बोलतेय? त्यांनी काय करायला हवं होतं, हे मी सांगायचं?

पुढचे दोन तास मी स्क्रीनसमोर बसून होते. त्या बाईनं काय केलं, ते बघत होते. माणगावला एक पिशवी होती. तो ठिपका दहा मिनिटांच्या आत ‘वाटेत’ झाला. खेडला एक होती, तोही ‘वाटेत’. उत्तरेकडून एक, दक्षिणेकडून एक. तेवढ्यात कळलं की कशेडीत रसायनाचा टँकर उलटलाय आणि दोन्हीकडे गाड्यांची रांग लागलीय. पण सिस्टरनी तोवर पोलादपूरची गाडी रांगेच्या अलीकडच्या टोकाला पाठवली होती. खेडचा तंत्रज्ञ मोटरसायकलवरून टँकरपर्यंत आला, पोलिसांना हात जोडले, थर्माकोलचं खोकं छातीशी धरून रस्त्याच्या कडेनं चालत अलीकडे आला आणि गाडीत देऊन परत गेला. हे सगळं सिस्टरनी एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात त्या बाळंतिणीचा हात धरून केलं, असं मला नंतर तिथल्या मावशींनी सांगितलं. मी एवढं मोठं काम जन्मात पाहिलेलं नाही. आणि त्यातलं काहीच करावं लागलं नसतं.

माणगावची पिशवी पोलादपूरला जाताना महाडवरूनच जाते. आमचा दवाखाना हायवेला लागून आहे. अडीचच्या सुमारास तिच्या गाडीचा सायरन ऐकू आला. लांबून आला, मोठा झाला, आमच्या फाटकावरून गेला आणि लहान होत गेला. माझ्या मागे दोन हातांवर फ्रीज गुणगुणत होता.

सव्वा ते अडीच—केवढा वेळ होता माझ्याकडे! ‘ऑपरेशन रद्द झालं, पाठवते’ एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी दोनदा फोन उचलला. पहिल्यांदा उचलला तेव्हा मला प्राचीची भीती वाटली. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा—हे मला फार नंतर कळलं—भीती प्राचीची नव्हतीच. रद्द कसं झालं, बाई कुठे आहे, असं कुणी विचारलं तर काय सांगू, ती भीती होती. लेकीसाठी सुरू केलेलं खोटं कुठल्या मिनिटाला माझ्या स्वतःच्या अब्रूसाठी झालं? मला ते मिनिट सापडत नाही. डबा तसाच राहिला, संध्याकाळी गाईला घातला.

साडेपाचला सिस्टरचा फोन आला. “वाचली,” म्हणाल्या. आवाज थकलेला. पोर पण छान आहे, म्हणाल्या. मग म्हणाल्या की रक्त पोचेपर्यंत डॉक्टरांना थांबता आलं नाही, गर्भाशय काढावं लागलं. “बावीस वर्षांची हाय हो. तासभर आधी मिळालं असतं तर कदाचित राहिलं असतं, असं डॉक्टर म्हनत होते. पन जीव वाचला ना, ते मोठं.” कुणाला दोष नाही, कुणावर राग नाही. आणि मग लगेच, “शालनबाय कशी हाय? झालं का ऑपरेशन?”

मी म्हटलं, झालं. बरी आहे.

“चला, दोघीबी वाचल्या,” सिस्टर म्हणाल्या. त्यांना झालेला आनंद मला फोनमधूनही दिसला.

आता गंमत ऐका—गंमत कसली, पण दुसरा शब्द सुचत नाही. शालनबाईंचं ऑपरेशन झालं म्हटल्यावर त्या दोन पिशव्या वापरल्या गेल्या असंच दाखवणं भाग होतं. मी स्क्रीनवरून त्या काढून टाकल्या. पण फ्रीजमध्ये तर त्या होत्याच. पाच दिवसांनी प्राचीला मुलगा झाला. कळा लागल्यापासून चार तासांत, सुखरूप, रक्ताची गरजही पडली नाही. आणि माझ्याकडे जगाला न दिसणाऱ्या दोन पिशव्या उरल्या. परत हिरव्या करायच्या तर त्या आल्या कुठून? त्या कुणाला लागल्या असत्या तरी कुणाला कळणार नव्हतं की त्या महाडला आहेत. मुदत संपेपर्यंत त्या तिथेच होत्या. रोज फ्रीज उघडताना मी त्यांच्याकडे न बघता पलीकडे हात घालायचे. शेवटी एका दुपारी मी त्या नियमाप्रमाणे नष्ट केल्या आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, मुदतबाह्य. डॉक्टरांनी न वाचता सही केली. रजिस्टर आणि ॲप महिन्यातून एकदा ताडून बघावं, असं सिस्टर मागे म्हणाल्या होत्या. तेव्हा ‘एवढा वेळ कुणाला आहे’ असं म्हणून ते हाणून पाडणारी मीच होते.

पुढच्या शिबिराला तुडीलचा तो शेतकरी आला. नेहमीसारखं विचारलं, माझं रक्त कुनाला लागलं? मी म्हटलं, एका बाळंतिणीला. तो इतका खूश झाला की रांगेतल्या सगळ्यांना सांगत सुटला. तिथेच खुर्चीत बसून त्यानं बाही वर केली आणि पुन्हा रक्त दिलं.

त्यानंतर मी एकही पिशवी मागे ठेवली नाही, एकही खोटं नाव टाकलं नाही. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही. बैल गेल्यावर झोपा करण्यात काय शहाणपण?

दोन वर्षांनी पाचाडला शिबिर होतं. शिमगा नुकताच झाला होता. शिबिर आटोपलं तसं वनिता सिस्टर म्हणाल्या, चला ताई, हिरकणीवाडीला जाऊ, माझी एक लेक दाखवते तुमाला. मला वाटलं, नात्यातली कुणी असेल. रोपवेच्या खाली, गडावर येणाऱ्यांसाठी पिठलं-भाकरी आणि ताक विकणाऱ्या टपऱ्यांची रांग आहे. त्यातल्या एका टपरीत एक तरुण बाई चुलीपुढे बसली होती आणि दोन वर्षांची पोर रिकाम्या परातीत बसून खेळत होती. सिस्टरना बघून ती हातातलं पीठ न झटकताच उठली. तिचं सासर इथलं, माहेर पोलादपूरच्या डोंगरात. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. माझ्या प्राचीसारखीच. सिस्टर म्हणाल्या, ही दर्शना. आणि मला कळलं ती कोण ते.

मी कुठेतरी बघायचं म्हणून पोरीकडे बघत राहिले. दर्शनानं मला बसायला पाट दिला, ताक दिलं. “तुमीच ना महाडच्या रक्तवाल्या ताई?” म्हणाली. “सिस्टरांनी सगळं सांगितलंय मला. माझ्या वक्ताला तुमच्याकडं ती दुसरी बाय होती ना, शालनबाय? ती बरी हाय ना गो आता?”

सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. हसत होत्या. “सांगा हिला,” म्हणाल्या, “दर वेळी मला विचारते.”

मी म्हटलं, “बरी आहे.”

“पोरं किती हायत तिला?”

सांगायला हवं होतं, इथे तरी सांगायला हवं होतं. पुढे बसलेली होती ती, जिचं मी घेतलं, आणि शेजारी बसलेली होती ती, जिला मी फसवलं. यापेक्षा मोठी संधी माणसाला मिळते का? माझ्या तोंडून निघालं, “एक मुलगी.”

दर्शनानं मान हलवली. “म्हंजे माझ्यावानीच,” म्हणाली.

मग तिनं सांगितलं. त्या दुपारी तिची आई दवाखान्याच्या ओट्यावर बसून होती. सिस्टरनी तिला समजावून सांगितलं होतं की महाडला रक्त आहे, पण तिथंही एक बाई टेबलावर आहे, तिचं आपल्याला घेता येणार नाही. आईनं ऐकलं आणि तिथूनच गावच्या देवाला शब्द दिला—माझी पोर जगू दे आणि ती महाडची बायही जगू दे, दोन नारळ देईन. तेव्हापासून दर शिमग्याला माहेरी पालखी दारात आली की दोन नारळ फुटतात. एक दर्शनाचा, एक शालनबाईंचा. मी ताकाचा पेला दोन्ही हातांनी धरून बसले होते. जिची लेक आत मरत होती त्या बाईनं त्या वेळी एका परक्या बाईसाठीही देवाला साकडं घातलं. आणि ती परकी बाई मी तयार केली होती, फ्रीजपाशी उभी राहून, मोबाइलच्या बटणांवर. मला त्या आईपुढे, त्या सिस्टरपुढे, त्या पोरीपुढे इतकं लहान वाटलं की तसं त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतरही नाही.

निघताना दर्शनानं फळीवरून कागदात बांधलेलं काही काढलं. खोबऱ्याची अर्धी वाटी होती. “परवाच माहेरी पालखी येऊन गेली. हा तिच्या नारळाचा परसाद. तुमी महाडलाच असता, तिला पोचवाल ना?”

मी घेतली. पर्समध्ये, फ्रीजच्या किल्लीशेजारी ठेवली. घरी आणली. खाता येईना, टाकता येईना, देवापुढे ठेवायचं धाडस होईना. डाळीच्या डब्यामागे ठेवली, तिथेच ती वाळली.

त्याला आता आणखी दोन शिमगे झाले. वनिता सिस्टर अजून तशाच धावत असतात. नव्या मुलींना शिकवताना त्या शालनबाईंची गोष्ट सांगतात—आपला रुग्ण कितीही अडला तरी दुसऱ्याच्या नावाच्या पिशवीला हात लावायचा नाही, बघा, धीर धरला म्हणून दोघी वाचल्या. मी मागच्या खुर्चीत बसून ऐकते. मुली वहीत लिहून घेतात.

यंदाची वाटी काल आली. सिस्टरनी पोलादपूरच्या एसटीतून ड्रायव्हरच्या हाती पाठवली, रक्ताच्या थर्माकोलच्या खोक्यात, म्हणजे वाटेत कुणी उघडणार नाही. आत वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेलं खोबरं आणि त्यावर त्यांच्या ठळक अक्षरात निळ्या पेननं लिहिलेलं—शालनबाईंना द्यावे.